स्वतःला शिव्या घालणं हा सद्गुण नव्हे

वेंधळा, धांदरट, आरंभशूर, ‘हुशार आहे पण मन लावत नाही’. आपल्या घरांत आणि शाळांत ही विशेषणं मुलांना किती सहज चिकटवली जातात! मूल मोठं होतं, नोकरीला लागतं आणि मोठ्यांनी म्हटलेलं तेच स्वतःला म्हणू लागतं. एडीएचडी (अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता) असलेल्या प्रौढांना हा आवाज दिवसभर छळतो. ठाण्यात वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत राहणारा, विजेचं बिल पुन्हा भरायचं राहून गेलेला माणूस स्वतःला जे बोलतो, ते तो शेजाऱ्याला कधीही बोलणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. एडीएचडी म्हणजे आळस नव्हे आणि संस्कारांची कमतरताही नव्हे. हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. काम सुरू करणं, वेळेचा अंदाज बांधणं, डोक्यात धरलेली गोष्ट सुटू न देणं, हेच या मेंदूला जड जातं. त्याची लक्षणं बालपणी सुरू होतात, पण अनेकांच्या बाबतीत ती मोठेपणीही राहतात. जगभरच्या अभ्यासांत प्रौढांमधलं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास आढळलं आहे. ज्याला चष्मा लागतो, त्याला आपण ‘नीट बघ’ म्हणून रागावत नाही. मग इथेच रागावणं हा उपाय कसा ठरतो?

स्वतःला असं रागावण्यावर उतारा म्हणून हल्ली सकारात्मक स्वयंसूचना सांगितल्या जातात. आरशासमोर उभं राहा आणि म्हणा, ‘मी अत्यंत शिस्तबद्ध आहे, मी यशस्वी आहे.’ पण ज्याचा स्वतःवर विश्वास नाही, त्याला हे वाक्य खोटं वाटतं आणि मन लगेच उलट पुरावे मांडू लागतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हेच दाखवून दिलं. ज्यांच्या मनात स्वतःविषयी आधीच कमीपणा होता, त्यांना अशी वाक्यं घोकून उलट अधिक वाईट वाटलं.

तेव्हा स्वयंसूचना हवी, पण ती खरी हवी. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे उपयोगी पडते. भारतात ती रुजवली कि. मो. फडके यांनी. ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या ‘आयपीएच’ (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्य संस्थेच्या कामातूनही हा विचार मराठी घरांपर्यंत पोहोचला. त्याचं सार असं: कृतीची चिकित्सा जरूर करा, पण त्या कृतीवरून माणसाची किंमत ठरवू नका. ‘मी बिल भरायला विसरलो’ ही वस्तुस्थिती आहे. ‘मी कुचकामी आहे’ हा त्यावर लादलेला निकाल आहे.

म्हणून वाक्यं अशी असावीत: ‘मी विसरलो, आता फोनवर गजर लावतो.’ ‘मला सुरुवात जड जाते, म्हणून फक्त पहिली दहा मिनिटं बसतो.’ ‘चूक झाली, तरी मी माणूस म्हणून कमी झालो नाही.’ यात खोटा गौरव नाही आणि पुढचं पाऊलही आहे. मनाशी असं बोलणं आपल्याला परकं नाही. समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून 205 श्लोक रचले. त्यातला उपदेश कडक आहे, पण तो मनाला सज्जन समजून केलेला आहे.

काहीजण विचारतील, स्वतःला इतकं सांभाळून घेतलं तर माणूस बेफिकीर होणार नाही का? अनुभव उलटं सांगतो. लाजेने खचलेला माणूस काम टाळतो, चूक लपवतो, मदत मागत नाही. स्वतःला स्वीकारणाराच चुकीकडे सरळ पाहू शकतो. जबाबदारी घेण्याची सुरुवात तिथून होते.

अर्थात निव्वळ वाक्यांनी एडीएचडी हटत नाही. निदान, समुपदेशन आणि गरज असल्यास औषध यांसाठी मनोविकारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. ठाण्याच्या मनोरुग्णालयावरून मारल्या जाणाऱ्या ‘याला ठाण्याला भरती करा’ या जुन्या टोमण्याच्या धास्तीने ठाणेकरानेच दवाखान्याची पायरी टाळावी, हे लाजिरवाणं आहे. 14416 या टेली-मानस क्रमांकावर शासनाची मोफत मदतही मिळते.

आणि घरच्यांनो, तुमच्या तोंडचं विशेषण उद्या कुणाच्या तरी मनाचा आवाज होणार आहे. ‘वेंधळा’ म्हणण्याऐवजी ‘काय मदत करू?’ असं विचारा. ही सुधारणा आजच, आपल्याच घरात करता येते.