पाहुणा ते प्रमुख

भोसरी-चाकण पट्ट्यात ट्रेनी आणि कायम कामगार यांतला फरक शाळकरी पोरालाही कळतो. मशीन तेच, शिफ्ट तीच. पण ट्रेनीची मुदत संपते. शिक्षकाला अवकाशात पाठवण्याची कल्पना नेमकी याच, ट्रेनीपासून कायम कामगारापर्यंतच्या वाटेने गेली आहे.

ऑगस्ट १९८४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जाहीर केले, की शटलमधून जाणारा पहिला सामान्य नागरिक शिक्षक असेल. अकरा हजारांवर अर्ज आले. निवड झाली ख्रिस्टा मॅकॉलिफ यांची. काही महिन्यांचे प्रशिक्षण, यानातून दोन पाठ आणि मग परत वर्गात, असा बेत होता. २८ जानेवारी १९८६ रोजी त्यांचे शटल चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले. यानातले सातही जण गेले.

त्या अपघाताने आपलेही एक दार मिटले. इन्सॅट-१सी उपग्रहाच्या शटल मोहिमेसाठी इस्रोने एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन या आपल्या शास्त्रज्ञांना निवडले होते. ती मोहीमच रद्द झाली.

मॅकॉलिफ यांच्या राखीव उमेदवार बार्बरा मॉर्गन आयडाहोतल्या आपल्या प्राथमिक शाळेत परतल्या. १९९८ मध्ये नासाने त्यांना पुन्हा निवडले, या वेळी पूर्ण वेळ अंतराळवीर म्हणून. ऑगस्ट २००७ मध्ये त्या एंडेव्हर शटलमधून गेल्या आणि यानाचा यांत्रिक हात चालवला. मला खरी क्रांती इथे दिसते. शिक्षक आता शोभेला नव्हता, कामाला होता.

२००४ च्या तुकडीत नासाने तीन शिक्षक घेतले. डॉटी मेटकाफ-लिंडेनबर्गर यांना वर्गात कुणीतरी विचारले होते, अवकाशात शौचाला कसे जातात? उत्तर शोधताना त्यांना भरतीची जाहिरात सापडली. भूशास्त्र शिकलेले जो अकाबा फ्लोरिडात विज्ञान-गणित शिकवत. मार्च २००९ मध्ये ते आणि रिकी अरनॉल्ड, दोघे शाळामास्तर, एकाच वेळी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर अवकाशात काम करत होते. अकाबा पुढे आणखी दोनदा स्थानकावर राहिले आणि २०२३ मध्ये नासाच्या सगळ्या अंतराळवीरांचे प्रमुख झाले.

आपल्याकडचे अंतराळवीर राकेश शर्मा आणि शुभांशु शुक्ला, दोघेही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात गेले. गगनयान या इस्रोच्या मानवी मोहिमेसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचेच. पहिल्या उड्डाणांना कसलेले वैमानिक हवेत, हे मान्य. पण पुढे? चिंचवडच्या सायन्स पार्कमध्ये मुलांचे डोळे कसे मोठे होतात, ते जाऊन पाहा. त्या मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारा माणूस मात्र निवडणुकीच्या कामात आणि ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेला असतो.

इस्रोने पुढच्या एखाद्या निवडीत विज्ञानशिक्षकांना अर्ज करू द्यावा. चाळणी अजिबात सैल करू नये. सवलतीची जागा म्हणजे पुन्हा पाहुणाच. आणि पिंपरी-चिंचवडच्या पालिका शाळांतल्या, खेड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांतल्या विज्ञानशिक्षकांनो, जाहिरातीची वाट न पाहता आपल्या विषयातला पुढचा अभ्यास आजच सुरू करा. अकाबांच्या हाताशी भूशास्त्राची पदवी आधीपासून होती, म्हणूनच अर्ज निघाले तेव्हा ते तयार होते.