पुरेसं म्हणजे किती?

जुनी सेडान घेताना सहा सिलिंडर की आठ, हा प्रश्न वरवर यंत्राचा, मुळात जैन परंपरेतल्या अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपुरतंच बाळगण्याचा आहे. बीएमडब्ल्यूची १९९५ साली आलेली 'ई३९' पिढी पाहा. तिच्या ५३०आयमध्ये तीन लिटरचं, एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचं इंजिन, ५४०आयमध्ये ४.४ लिटरचं व्ही-८. रांगेतले सहा सिलिंडर एकमेकांचे हादरे शमवतात, म्हणून ते इंजिन जात्याच संतुलित. आठांना जागा देण्यासाठी मात्र रॅक-पिनियन स्टिअरिंगवर पाणी सोडावं लागलं. शिवाय या व्ही-८च्या टायमिंग चेनचे प्लास्टिकचे गाइड झिजले की इंजिनाचा पुढचा भाग खोलावा लागतो. अधिकाचा हव्यास पहिल्या मालकाचा, फेड दुसऱ्याची.

यावर कुणी म्हणेल, सहाचीही कूलिंग सिस्टिम दगा देतेच, आणि व्ही-८च्या ओढीतला आनंद काही पाप नव्हे. दोन्ही खरं. पण जैन परंपरा गृहस्थाला सर्वस्वत्याग सांगत नाही. परिग्रहाचं परिमाण आधीच ठरवायला सांगते. आनंद वर्ज्य नाही, बेहिशेबी आनंद वर्ज्य आहे. देखभालीचा खर्च मोजून आठ घेणारा संयमीच; ऐपत न पाहता सहा घेणाराही लोभीच. संयम सिलिंडरांच्या संख्येत नसतो, आधी आखलेल्या रेषेत असतो.