अंगणात आलेली शाळा

कर्नाटकातल्या आनेकल तालुक्यात जिगणी, अत्तिबेलेच्या कारखान्यांची सकाळची पाळी गाठायची म्हणजे घरात एकच घालमेल: पोराला कुठं ठेवायचं? अंगणवाडी असते हो, पण बिजागरी निखळली की दार तसंच लोंबकळतं. कर्नाटकात अंगणवाडीला बालविकास समिती असते, तिच्यात पालकही असतात. कागदावर असणं सोपं!

अंगणवाडीची सुरुवात आठवा: 1945 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी महाराष्ट्रातल्या बोर्डीत बालवाडी काढली. वस्तीतली मुलं येईनात. मग त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. खेळणी कसली? खडे, पानं, शिंपले, बिया.

आज सुट्टी असेल त्या बापानं अंगणवाडीत पेचकस घेऊन जावं, आईनं ओंजळभर चिंचोके. मोजायला पोरं आहेतच, कन्नडमध्ये: ओंदू, एरडू, मूरू...