संशय कुठे थांबावा?

टीव्हीवरील गुन्हेशोधाच्या मालिका आपल्या घरोघरी आवडीने पाहिल्या जातात. खुनी कोण हे कळले की मोठी माणसे जेवायला उठतात. तरुण मुलामुलींना मात्र आणखी एका निकालाची उत्सुकता असते. तपास करणाऱ्या त्या दोघांचे शेवटी जमणार की नाही?

‘सी.आय.डी.’ ही मालिका १९९८ मध्ये सुरू झाली आणि २०१८ पर्यंत चालली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती पुन्हा आली. आपले मराठी अभिनेते शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न कोणाला ठाऊक नाही? हाताची बोटे फिरवत ‘कुछ तो गडबड है’ म्हणणारा हा अधिकारी लहान मुलांच्याही ओळखीचा आहे. त्याच पथकातील अभिजीत डॉक्टर तारिकाला पाहिले की कामाचे बोलता बोलता अडखळतो आणि डॉक्टर साळुंखे त्याच्यावर डोळे वटारतात. दयाची तर गंमतच आहे. एका लाथेत दार तोडणारा हा धिप्पाड माणूस श्रेयासमोर मनातले दोन शब्द बोलू शकत नाही! प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, पण २०१८ मध्ये मालिका थांबली तेव्हाही या जोड्यांचा संसार काही उभा राहिला नव्हता.

असे का झाले असावे? मालिका लांबवायची म्हणून, हे सरळ उत्तर आहे. पण त्यामागे आणखी एक गोष्ट दिसते. गुप्तहेराचे काम संशयावर चालते. समोरचा रडत असला तरी ते रडणे खरे की खोटे, हे त्याला पाहावे लागते. प्रेमाचे काम विश्वासावर चालते. मग संशय घेणे हाच ज्याचा धर्म, त्याने प्रेम कसे करावे?

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर दूरदर्शनच्या जुन्या मालिकेत आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथांवर बासू चटर्जी यांनी केलेली ‘ब्योमकेश बक्षी’ ही मालिका १९९३ मध्ये सुरू झाली. रजित कपूर ब्योमकेश झाले होते आणि सत्यवतीची भूमिका आपल्या सुकन्या कुलकर्णी यांनी केली होती. एका घरात वडीलधाऱ्या माणसाचा खून होतो आणि संशय सत्यवतीच्या भावावर येतो. भाऊ निर्दोष आहे, ही तिची खात्री. ब्योमकेशला ती मुलगी आवडते, पण म्हणून तो तपास सोडत नाही. तो पुरावा शोधतो, खरा गुन्हेगार उघड करतो आणि भाऊ सुटतो. पुढे ती दोघे लग्न करतात. लग्नानंतर त्यांच्यात रुसवेफुगवे होतात, थट्टा होते. पण गुन्हेगारासाठी राखलेली नजर ब्योमकेश आपल्या बायकोवर रोखत नाही. तो स्वतःला गुप्तहेर न म्हणता सत्यान्वेषी म्हणवतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. सत्य शोधणे वेगळे आणि दोष शोधत राहणे वेगळे.

आपल्याकडेही स्थळ आले की चौकशी होते. माहूर-किनवटकडचा मुलगा असो की लातूरची मुलगी, दोन्हीकडची मंडळी ओळखीपाळखीतून माहिती काढतात. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का, घरचे लोक कसे आहेत? यात काही वाईट नाही. आपल्या चर्चमध्येही लग्नाआधी वधूवरांची नावे वाचली जातात आणि कोणाला अडचण माहीत असेल तर सांगा, असे विचारले जाते. चौकशीची खरी वेळ तीच. मात्र एकदा वेदीसमोर एकमेकांना वचन दिले की चौकशीची वही मिटायला हवी.

दुःखाची गोष्ट अशी की, अनेक घरांत ती लग्नानंतरच उघडते. नवरा कामासाठी हैदराबादला किंवा पुण्याला, बायको गावी. रात्री फोन येतो तो ‘जेवलीस का?’ म्हणून नव्हे, तर ‘कुठे आहेस, कॅमेरा फिरवून दाखव’ म्हणून. कुठे बायको नवऱ्याचा मोबाईल तो झोपल्यावर उघडून बघते. सापडत काहीच नाही, पण मन शांत होत नाही, कारण पाळत ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळत ठेवावीच लागते. खुनाच्या तपासाला शेवट असतो. संशयाला नसतो.

मग डोळे मिटून सगळे सोसावे का? मुळीच नाही. नवरा दारू पिऊन मारत असेल, पैसे उडवत असेल, खोटे बोलत असेल, तर त्यावर पांघरूण घालणे हा विश्वास नव्हे. ते समोर बसून विचारावे. गरज पडली तर घरातल्या वडीलधाऱ्यांची, फादरांची, पोलिसांचीही मदत घ्यावी. पण विचारणे आणि पाळत ठेवणे यांत मोठा फरक आहे. विचारणारा समोरच्याला बोलण्याची संधी देतो. पाळत ठेवणाऱ्याने निकाल आधीच लावलेला असतो, तो फक्त पुरावा गोळा करत असतो.

संत योसेफाची आठवण इथे होते. मरिया गरोदर आहे हे कळले तेव्हा संशयाला कारण होते. गावासमोर तिची अब्रू काढणे त्याला कठीण नव्हते. मत्तयच्या शुभवर्तमानात आपण वाचतो की तिची बदनामी होऊ नये हाच विचार त्याने आधी केला. त्याला सत्य अजून कळलेले नव्हते, तरी तो तिच्याशी प्रेमाने वागला. म्हणूनच सत्य कळले तेव्हा ते स्वीकारायला त्याचे मन मोकळे होते.

दया आणि श्रेयाचे जमावे असे आपल्या मुलांना वाटते, ते चांगलेच आहे. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसालाही एक तरी जागा अशी मिळावी जिथे त्याला संशय घ्यावा लागू नये, हीच ती इच्छा आहे. पडद्यावरच्या त्या दोघांना ती जागा मिळो न मिळो, आपल्या घरात आपल्या माणसाला ती देणे मात्र आपल्या हातात आहे. आज रात्री फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न कोणता विचाराल, एवढे जरूर ठरवा.