परवाना आणि शील



चामटोलीत रविवारी मुलांना पंचशीलाचा अर्थ सांगत होतो. पाणातिपातापासून दूर राहावे, असे सांगताच एका मुलाने विचारले, "सर, सरकारचा परवाना काढून प्राणी मारला, तर शील मोडते का?" बाकीची मुले हसली. मला मात्र चटकन उत्तर देता आले नाही.

प्रश्न पोरकट नाही. अमेरिकेत वसंत ऋतू लागला की शिकारीच्या सहली नेणारे व्यावसायिक येत्या हंगामाचा अंदाज गिऱ्हाइकांना कळवतात. हिवाळ्यात हरणे किती तगली, परवान्याचा अर्ज केव्हा करावा, कोणत्या प्राण्याचा हंगाम कधी उघडणार, हे सारे त्यात असते. शेतकऱ्याने पिकाचा अंदाज सांगावा तशी ती भाषा.

हे परदेशातच चालते असे समजू नका. आपल्याकडे वाघाच्या शिकारीवर बंदी आली ती 1970 साली. तोवर पैसे घेऊन परदेशी पाहुण्यांना वाघ मारू देणाऱ्या कंपन्या होत्या. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल नागपुरात अशीच एक कंपनी चालवीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने देण्याची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली.

या परवान्यांवर नाव साहेबाचे असे. पण ओरडत रान उठवून जनावर बंदुकीपुढे आणणारा हाकेवाला कोण होता? तो गावकुसाबाहेरचा नाही तर रानातला माणूस. जनावर उलटले तर आधी त्याच्यावर. छायाचित्रात मात्र साहेब. आणि पोटासाठी ससा धरणारा पारधी? त्याच्या जमातीवर इंग्रजी कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायद्यातून पुसला गेला 31 ऑगस्ट 1952 रोजी. लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. एकाची शिकार तो खेळ आणि दुसऱ्याची तो गुन्हा! रानातसुद्धा चातुर्वर्ण्य शिरले ते असे.

शिकारीचे समर्थक सांगतात की, परवान्यांमुळेच प्राणी वाचतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. अमेरिकेत 1937 च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडे वळवला आणि त्याचा उपयोग झाला. पण यावरून प्राण्यांची संख्या टिकली एवढेच सिद्ध होते. मारणाऱ्याचे मन निर्मळ झाले, हे सिद्ध होत नाही. कायदा विचारतो, किती मारलेस आणि केव्हा मारलेस? धम्म विचारतो, का मारलेस?

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार नेमका याच जागी आणून ठेवला आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. जेथे गरज नाही, नुसती इच्छाच आहे, तेथे तथागतांनी हिंसा निषिद्ध मानली. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. नियम पाळणाऱ्याला विचार करावा लागत नाही. तत्त्व पाळणाऱ्याला प्रत्येक वेळी करावा लागतो. नोव्हेंबर 2018 मध्ये पांढरकवड्याच्या रानात एका वाघिणीला गोळी घातली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. ती गोळी खरोखर आवश्यक होती काय, यावर मोठा वाद झाला. असा वाद व्हावा हेच योग्य. हौसेच्या शिकारीत हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

सम्राट अशोकाने तो स्वतःला विचारला. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तीत शिकार व करमणूक असे. आपण मात्र धम्मयात्रा सुरू केली, असे तो आठव्या शिलालेखात सांगतो. त्याच लेखाचा तुकडा 1882 साली भगवानलाल इंद्रजी यांना आपल्याच भागात, सोपाऱ्याला सापडला. ठरावीक तिथींना मासे मारू नयेत, विकू नयेत, असेही त्याने एका स्तंभलेखात फर्मावले. आणि आपल्या पाकशाळेत अजून दोन मोर व एक हरीण मारले जाते, ही कबुलीसुद्धा त्याने दगडावर कोरून ठेवली. ज्याला कोणाकडेही परवाना मागावा लागत नव्हता, त्याने स्वतःलाच परवाना नाकारला. शील म्हणतात ते हेच.

आता आपल्या दारात येऊ. पहिला पाऊस पडला की उल्हास नदीच्या काठी ओढ्यानाल्यांतून वलगणीचे मासे शेतात चढतात. पोटात गाबोळी भरलेली असते. अंडी घालण्यासाठीच ते वर येतात. कातकरी वाडीतला माणूस त्यातले चार धरतो, तेव्हा त्या दिवशी त्याच्या घरी कालवण होते. त्याला शील शिकवायला मी जाणार नाही. त्याच्या घरात रोजची भाकर यावी यासाठी आपण काय केले, हा प्रश्न आधीचा आहे. पण आपण पगारदार माणसे काय करतो? मोटारसायकलवरून जातो, पिशव्या भरतो, फोटो काढतो, निम्मे वाटतो आणि उरलेले नासवतो. मग आषाढ पौर्णिमेला शुभ्र वस्त्रे नेसून विहारात पंचशील ग्रहण करतो! गेल्या पावसात मीही अशी पिशवी भरली. प्रश्न विचारणारा तो मुलगा त्या दिवशी ओढ्यावर माझ्या शेजारीच उभा होता.

त्याच आषाढ पौर्णिमेनंतर भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो. पावसात फिरताना कोवळे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्यास सांगितले. शिकाऱ्याचा हंगाम मारण्यासाठी उघडतो. आपला हंगाम पाऊल आवरण्यासाठी आहे.

त्या मुलाला मी पुढच्या रविवारी उत्तर दिले. परवाना असला म्हणजे गुन्हा होत नाही, एवढेच. शील मोडले की नाही, हे परवाना देणाऱ्या साहेबाला ठरवता येत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे. आणि मी त्याला हेही सांगितले की, गेल्या पावसात त्याच्या सरांचे शील मोडले होते.

या पावसात वलगण चढेल तेव्हा वाचकांनीही पिशवी उचलण्यापूर्वी स्वतःला एकदा विचारावे, ही गरज आहे की इच्छा?

जय भीम! नमो बुद्धाय!