दागिना उतरवतो कोण?

उन्हाळा आला की नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या पाड्यांवर बोहाडा रंगतो. संबळ-पिपाणीच्या तालावर रात्रभर मुखवट्यांची सोंगं येत राहतात; देवांची, राक्षसांची आणि देवींचीही. देवीचं सोंग परंपरेनं पुरुषच नाचवतो. अंगावर लुगडं, गळ्यात माळा, डोक्यावर मुकुट. त्याला बायकी म्हणून कुणी हसत नाही. लोक हात जोडतात. उजाडल्यावर तोच गडी कामाला लागतो.

हाच गडी लग्नाच्या खरेदीला नाशिकच्या सराफ बाजारात गेला, तर पेढीवर त्याच्यापुढे वेगळा ट्रे येईल. रुंद कडी, जाड साखळ्या, चौकोनी खड्याच्या अंगठ्या. बायकांच्या ट्रेमध्ये जाळी, फुलं, मोर. पुरुषाला ठसठशीत आणि बाईला नाजूक, ही वाटणी सृष्टीच्या आरंभापासून चालत आल्यासारखी आपण मानतो. तिचं वय तेवढं नाही.

१७९२ मध्ये जेम्स वेल्सनं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र काढलं. पगडीवर शिरपेच, गळ्यात मोत्यांचे सर, असा त्या अठराएक वर्षांच्या पेशव्याचा साज आज नवरदेवाखेरीज कुणाला शोभेल? त्या काळच्या पुरुषाची भिकबाळी आणि बाईची बुगडी शेजारी ठेवून पाहावी. दोन्ही कानाच्या वरच्या पाळीतल्या, दोन्हींत मोती. भिकबाळी बहुधा एकाच कानात, बुगड्या दोन्ही कानांत, एवढाच ठळक फरक. बारशाला तर तोही नसतो. वाळे, बिंदल्या, मनगट्या मुलालाही आणि मुलीलाही.

खड्यांना तर या वाटणीशी काहीच घेणंदेणं नसतं. पेठच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वराचा मानला जाणारा ‘नासक’ हिरा १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. १८३७ च्या लिलावानंतर तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसच्या तलवारीच्या मुठीत बसला. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्यानं तो घेऊन नव्यानं पैलू पाडले आणि पुढं तो एका अमेरिकन बाईच्या अंगठीत गेला. देवाचा, मग पुरुषाचा, मग बाईचा. बदललं ते कोंदण.

दरबार गेले, तसे शिरपेच देणारेही गेले. पण पुरुषाची हौस कुठं जाते? ती उपयोगाच्या आडोशाला जाऊन बसली: खिशातल्या घड्याळाची सोन्याची साखळी, सदऱ्याची सोन्याची बटणं. घड्याळ वेळ दाखवतं, बटण सदरा बांधतं, मग त्याला नटणं कोण म्हणणार! आणि त्याच काळात बायकांना नटायला शिकवत होता एक पुरुष. बालगंधर्वांची रुक्मिणी १९१६ मध्ये ‘स्वयंवर’मधून रंगभूमीवर आली. त्यांच्या साड्या, खोपे, दागिने घालण्याची तऱ्हा घरंदाज बायका उचलत होत्या. आज जिला आपण खास बायकी नजाकत म्हणतो, तिचा काही भाग तरी एका पुरुषानं आरशापुढं बसून ठरवलेला आहे.

म्हणून घडणीत लिंगभेद शोधत बसणं मला फोल वाटतं. खरा भेद दागिना काय सांगतो आणि तो उतरवायचा अधिकार कुणाचा, इथं आहे. पुरुषाचा दागिना त्याची ऐपत सांगतो, हुद्दा सांगतो, हल्ली इतिहासप्रेम सांगतो. त्याचं लग्न झालंय की नाही, हे मात्र सांगत नाही. मंगळसूत्र आणि जोडवी पहिल्यांदा तेच सांगतात. सरकारी कागदही याला अपवाद नाही. प्राप्तिकर खात्याच्या छाप्यात किती दागिने जप्त करू नयेत, याची १९९४ ची सूचना आहे: विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १००. बाईचे दोन खाने, पुरुषाचा एकच. ब्रह्मचारी असो की चार लेकरांचा बाप, त्याचे ग्रॅम तेवढेच.

सोनं म्हणजे बाईची पुंजी, असं यावर सांगितलं जातं. ते खोटं नाही. जमिनीचा सातबारा पुरुषाच्या नावे असलेल्या घरात अंगावरचं सोनंच तिचं म्हणण्यासारखं होतं, आणि स्त्रीधनावर तिचाच पूर्ण हक्क, हे सर्वोच्च न्यायालयानंही १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. पण बी-बियाण्याला पैसे हवे झाले की आधी कुणाच्या पाटल्या गहाण पडतात, हे सावकाराला विचारावं.

आता ढोलपथकातली मुलगी दाबाची नथ लावते, वादन संपलं की पर्समध्ये टाकते. शेजारचा मुलगा भिकबाळी मिरवतो. दोघांची हौस सारखी, आणि मला ती आवडते. तरी दोघांमागचा इतिहास सारखा नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडू नयेत, मंगळसूत्र आणि जोडवी काढू नयेत. भिकबाळीसाठी असा ठराव कुठल्या गावाला करावा लागला नाही. बायको गेली म्हणून ती काढायला कुणी आलंच नव्हतं.