ओलीवरचं छप्पर

मृग तोंडावर आला की वणीत नजरा छपरांकडे वळतात. जिनिंगची शेडं, गोदामं, घरामागचे गोठे. बहुतेकांवर टिनच असतं. पण जिथे शेडवर स्लॅब आहे, तिथे गॅसच्या ज्योतीनं चिकटवायची डांबरी शीट अंथरून घेतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, पायाखाली तापलेली गच्ची आणि हातात पेटती ज्योत. हे काम करणाऱ्या माणसाचे कष्ट खालून दिसत नाहीत.

एक मीटर रुंद, दहा मीटर लांब आणि तीन-चार मिलिमीटर जाड अशी ती गुंडाळी. उताराच्या खालच्या कडेपासून सुरुवात करून वर चढत जायचं, म्हणजे वरची पट्टी खालचीवर साधारण १० सेंटिमीटर येते आणि वाहतं पाणी जोडात शिरत नाही. आच कमी पडली तर शीट धरत नाही, जास्त झाली तर आतली जाळीच जळते. कडेनं वितळलेल्या डांबराची बारीक रेघ बाहेर आली, की जोड बसला.

एवढं सगळं नीट करूनही स्लॅबमध्ये ओल असेल तर मेहनत वाया जाते. उन्हानं त्या ओलीची वाफ होते आणि शीटला फुगे येतात. वरून पाणी अडवलं, पण आतलं कोंडलं. राखणं कुठे संपतं आणि लपवणं कुठे सुरू होतं, हा धर्मविचारातला जुना प्रश्न इथे छपरावरच उभा राहतो.

‘उदान’ या पाली बौद्ध ग्रंथात श्रावस्तीच्या पूर्वारामातला एक प्रसंग आहे. उपोसथाची, म्हणजे भिक्षूंनी एकत्र जमायच्या व्रताची रात्र सरत आली, तरी बुद्ध प्रातिमोक्ष, म्हणजे भिक्षूंचे नियम, सांगेनात. सभेत एक अशुद्ध भिक्षू दोष दडवून बसला होता. बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान यांनी अखेर त्याला हात धरून बाहेर काढलं. या प्रसंगाअखेरचं बुद्धांचं वचन पावसाचं आणि आच्छादनाचंच आहे. दडवलेला दोष गळत राहतो, उघड केलेला नाही, असा त्याचा आशय. प्रातिमोक्षापूर्वी भिक्षूनं आपली चूक सांगून टाकायची, ही शिस्त त्याच विचारातली.

म्हणून छप्परच नको, असं मात्र धम्म म्हणत नाही. विनयानं, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथानं, वीट, दगड, चुना, गवत आणि पानं अशा पाच आच्छादनांना परवानगी दिली आहे; त्यातला चुना तर वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांचा ओळखीचा माल. १९५६ च्या नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या घराघरांत पोचलेला हा विचार संसाराला पारखा नाही. पावसाआधी लेकरांच्या डोक्यावरचं छप्पर धड करणं हे कर्तव्यच आहे.

मर्यादा मात्र आहे. कोसंबीत छन्न नावाच्या भिक्षूनं आपला विहार पुनःपुन्हा शाकारला, पुनःपुन्हा लिंपला. भार वाढून विहार कोसळला. मग गवत-काटक्या गोळा करताना त्यानं एका ब्राह्मणाचं जवाचं शेत तुडवलं. त्यावरून नियम झाला: आच्छादनाचे दोन-तीन थर, तेही पीक नसलेल्या जागी उभं राहून सांगायचे, त्यापुढे दोष. थराचा हिशेब करताना शेजाऱ्याचं शेतही धरणारा हा नियम फार मोलाचा वाटतो.

गळक्या शीटवर दुसरी, दुसरीवर तिसरी चढवत जाणं आजही सोपं आणि स्वस्त वाटतं. जाणता कारागीर आधी फुगे कापतो, जुना थर खरवडतो, स्लॅबवर प्लास्टिकचा तुकडा कडेनं चिकटवून रात्रभर ठेवतो. सकाळी त्याच्या खालच्या अंगाला थेंब दिसले, तर त्या दिवशी गॅस पेटवत नाही आणि मालकाला कारण सांगतो.